सगळे म्हणजे कोण?

मी भित्री नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत भ्यायलेलीच दिसेन. तीस वर्षं अमरावतीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेत पोरांनी दोनदा आग लावली, दोन्ही वेळा मीच विझवली, आणि लावणाऱ्यांना असं झापलं की ते आगीला भ्यायले नसतील तेवढे मला भ्यायले. एरवी मी पुस्तकी मराठी बोलते. राग आला की ती गळून पडते आणि आतली अकोल्याची वऱ्हाडी बाहेर येते. मॅडमनी 'तुले' म्हटलं की पळायचं, हे आमच्या कॉलेजात नवीन पोरांना जुनी पोरं पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतात. पण त्या उन्हाळ्यात मी घाबरले, आणि ते सगळं एका फाईलपायी.

आमचं घर दोन मजली. नवरा गेल्यापासून खाली मी एकटी आणि वरच्या खोलीत दोन मुली भाड्याने. एक चांदूर रेल्वेची, ती शुक्रवार आला की घरी पळते. दुसरी अचलपूरची, ती महिना महिना जात नाही. दोघी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, माझ्या कॉलेजात नाही, दुसऱ्या. राहायला आल्या त्या दिवशी मी वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि म्हटलं, "घरच्यासारखं राहा. प्रिंट पाहिजे असली तर काढा, नोट्स लागल्या तर घ्या." हे मी दर वर्षी, दर मुलीला म्हणते. म्हणायची सवय लागली आहे.

अकोल्याला माझा थोरला भाऊ असतो, दादा. आई त्याच्याकडे. दर शनिवारी सकाळच्या बसने मी जाते आणि रविवारी परत येते. दादा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून नात्यातल्या सगळ्यांचे कंप्युटर दुरुस्त करत सुटला आहे. कोणी सांगो, न सांगो. माझ्या बैठकीत मोठा कंप्युटर आहे, त्याला प्रिंटर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप. मोठ्यातल्या फाईली लॅपटॉपवर उघडाव्यात आणि अकोल्याला असले तर तिथूनही उघडाव्यात, एवढंच मला पाहिजे होतं. दादाने मनावर घेतलं. अकोल्यात बसून तो माझा कंप्युटर चालवायचा. पहिल्यांदा पडद्यावरचा बाण आपोआप हलला तेव्हा मी दचकून चहा सांडला होता. "कंप्युटर बंद करजो नोको," त्याने बजावलं, "नाही तं मले येता येत नाही." तेव्हापासून तो दिवसरात्र चालूच असायचा, मी घरी असो नसो.

काम मात्र जमेना. लॅपटॉपला मोठा कंप्युटर दिसायचा, त्यातला फोल्डरही दिसायचा, पण टिचकी मारली की पाटी यायची: परवानगी नाही, व्यवस्थापकाशी संपर्क साधा. कोण व्यवस्थापक? या घराची व्यवस्थापक मीच. तीन रविवार आमचे त्यात गेले. कंप्युटरने एकदा विचारलं होतं की हे नेटवर्क घरचं आहे की सार्वजनिक जागेतलं, तिथे मी काहीतरी भलतंच दाबून बसले होते. दादा म्हणाला, "घरच हाय नं तुयं? मंग घरचं म्हन." म्हटलं. तरी परवानगी नाही. मग त्याने पासवर्ड विचारणं बंद केलं. मग फोल्डर कोणाकोणाला उघडावा त्या यादीत माझं नाव घातलं. तरी नाही. चौथ्या रविवारी त्याचा संयम संपला आणि माझा तर पहिल्याच रविवारी संपला होता. त्याने माझं नाव काढून तिथे 'सगळे' टाकलं आणि पुढच्या तिन्ही चौकटीत खुणा केल्या: वाचा, बदला, काहीही करा.

"दादा, सगळे म्हणजे कोण?" मी विचारलं होतं. हे मला स्वच्छ आठवतं.

"सगळे म्हंजे तूच, अवं. तू अन् तुया लॅपटॉप. घरात अजून हाय कोन?"

मी म्हटलं, खरंच, अजून कोण आहे. लॅपटॉपवर टिचकी मारली आणि फोल्डर फटकन उघडला. दादाला मी त्या दिवशी शाबासकी दिली.

त्यानंतर महिन्याभराने विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं गोपनीय पत्र आलं. बी.एस्सी. अंतिम वर्षाच्या रसायनशास्त्राचा पेपर काढायचा. तिघा जणांकडून एकेक संच मागवतात, त्यातला एक निवडतात, कोणता ते आम्हालाही कळत नाही. नियम असा की पेपर हाताने लिहायचा, पाकिटाला लाख लावायची, नक्कल ठेवायची नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा दोन वर्षांपासून दुखतो, खाडाखोड झाली की सगळं पान पुन्हा लिहिणं जिवावर येतं. म्हणून मी आधी कंप्युटरवर टाईप करते, हवं तसं फिरवते, मग एकदाच बसून त्यावरून हाताने उतरवते आणि फाईल पुसून टाकते. नियमात बसत नाही, पण किती वर्षं चाललं होतं. यंदाही शुक्रवारी पाकीट देऊन आले. फाईल पुसायची राहिली. शनिवारी पहाटे अकोल्याची बस होती. आल्यावर पुसू म्हटलं, आल्यावर विसरले, आणि पुढचा शनिवारही असाच गेला.

त्या रविवारी अकोल्याहून येऊन जेवले, कूलर लावला आणि कंप्युटरपुढे बसले. पुसायच्या आधी एकदा वाचून घ्यावी म्हणून फाईल उघडायला गेले. उघडली नाही. पाटी आली: ही फाईल 'ॲडमिन' वापरत आहे.

मी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. लॅपटॉपवर उघडी राहिली असेल म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर लॅपटॉप बॅगेतून काढलेलाही नव्हता. मग ओळखलं, दादाच असणार. न सांगता माझ्या कंप्युटरमध्ये शिरायची त्याला खोडच आहे. फोन लावला आणि हॅलो न म्हणता सुरू झाले.

"दादा, माझ्या कंप्युटरवर काय करून राहिला तू?"

"मी? मी तं आत्ता जेवून उठलो."

"मग हा ॲडमिन कोण?"

"मी नाही बा. मायं नाव मायंच हाय. काहून, काय झालं?"

काय झालं ते सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. फाईल कसली आहे हे तोपर्यंत मी त्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर दादा म्हणाला, "थांब, मी येतो आत." थोड्या वेळाने पडद्यावरचा बाण हलला. मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. बाण इकडे गेला, तिकडे गेला, लपलेल्या फाईली दिसू लागल्या. माझ्या फाईलला चिकटून तिच्याच नावाची एक फिकट फाईल होती.

"हे पिल्लू पाह्य," दादा फोनवर म्हणाला. "कोनी फाईल उघडली का हे जन्माले येते, नीट बंद केली का मरते. हे मेलं नाही. म्हंजे उघडनाऱ्यानं बंद केली नाही, तशीच टाकून पळाला. झाकन आपटलं असंल, नाही तं लाईन गेली असंल."

"कधी उघडली?"

बाण त्या पिल्लावर थांबला. मागच्या शनिवारी, काल नव्हे, आठ दिवसांपूर्वीच्या, दुपारी पाऊण वाजता. त्या वेळी मी अकोल्याला दादाच्या शेजारी ताटावर बसले होते. आईला भरवत होते. घराला बाहेरून कुलूप होतं.

पेपरफुटी हा शब्द आपल्याकडे आता लहान पोरांनाही माहीत आहे. टीव्हीवर तोंडाला रुमाल बांधून नेतात ते प्राध्यापक मी पाहिले होते आणि प्रत्येक वेळी म्हटलं होतं, मेल्यांना चौकात उभं केलं पाहिजे. आता त्या रुमालाआड माझं तोंड दिसायला लागलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. तीस वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं, म्हणूनच तर मी सगळ्यांवर ओरडू शकत होते. नोकरी जाईल, चौकशी होईल, पोलीस दारात येतील, गल्ली गच्चीवरून बघेल. हे सगळं मला एका दमात दिसलं.

दादाही भ्यायला होता. "बाहेरून कोनी घुसलं असंल तं माया रस्त्यानंच," तो म्हणाला. "अकोल्यावरून यायले तो रस्ता मीच पाडला होता." अकोल्याहून किंवा आणखी कुठून माझ्या कंप्युटरला कोण कधी जोडलं गेलं त्याची नोंद असते म्हणे. ती त्याने काढली. सगळीकडे दादाच होता. त्या शनिवारी तर दादाही नव्हता, कोणीच नव्हतं. त्याने तो बाहेरचा रस्ता तरीही तिथल्या तिथे बंद करून टाकला. पडद्यावरचा बाण थांबला आणि पुढचं मी एकटीने फोनवर विचारत विचारत केलं.

"आता वायफायच्या डब्यात जाय," तो म्हणाला. "कोनकोन जोडेल हाय त्याची यादी राहते तिथं. वाच."

मी वाचली. पाच नावं होती. माझा फोन, माझा लॅपटॉप, मोठा कंप्युटर. चौथा एक फोन, माझा नव्हे. पाचवा एक लॅपटॉप, त्याचं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकडे, तो आत्ता बंद.

"हे दोन कोनाचे?"

मी वर छताकडे पाहिलं. "वरच्या पोरीचे," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "अरे बाप्पा. तिले मी धरलंच नव्हतं."

मीही धरलं नव्हतं. चांदूर रेल्वेवाली मोबाईलचंच नेट वापरते, शिवाय त्या शनिवारी ती घरी गेली होती. खाली कुलूप, वर अचलपूरची एकटी. आणि ती रसायनशास्त्राचीच. हा पेपर तिचाच होता, बावीस दिवसांनी.

दादा हलक्या आवाजात बोलायला लागला. त्याचं म्हणणं, तीन संचांतला आपला निघेलच असं नाही. फाईल पूस, पिल्लू पूस, 'सगळे' काढून टाक, कोनाले काही बोलजो नोको. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि पोरीला या महिन्यात दुसरी खोली पाहायला सांग, काही निमित्त काढून. मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं वाटलं ऐकायला. मी फाईलवर बाण नेऊन ठेवलासुद्धा. पण मग मला त्या पोरीचा राग आला. असा आला की भीतीसुद्धा दोन मिनिटं मागे सरली. माझ्या घरात राहून, माझ्या कागदावर लिहिलेला पासवर्ड वापरून मला खड्ड्यात घालते? आठ दिवसांपासून खाली आली नव्हती ती, हे मला तेव्हा लक्षात आलं. एरवी रोज दुपारी पुस्तक घेऊन माझ्या कूलरसमोर येऊन बसायची, कारण वरची खोली स्लॅबखालची, उन्हाळ्यात नुसती भट्टी. येताना कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतायची. आठ दिवस ते पाणी मी भरत होते आणि चिडत होते. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं, आणि फोन ठेवून जिना चढले.

दुपारचे तीन वाजले होते. दार तिनेच उघडलं. खोलीत पंखा गरम हवा फिरवत होता. तिचा चेहरा घामाने चमकत होता आणि मला पाहून तो पार उतरला. मी काही विचारायच्या आधीच ती भिंतीला टेकली.

"तू उघडली का फाईल?" मी म्हटलं. "खरं सांग. तुले माहीत हाय मी कोनती म्हनून राहिली ते."

माझ्या तोंडून 'तुले' गेलं. पण ती पळाली नाही. तिच्या मागे जायला जागाच नव्हती.

"हो," ती म्हणाली. "मीच उघडली, मॅडम."

त्या शनिवारी तिला हॉल तिकिटाची प्रिंट काढायची होती. मी अकोल्याला होते. आमच्या वायफायवर तिच्या लॅपटॉपला प्रिंटर दिसला, त्याच्या शेजारी माझा फोल्डर दिसला. मी आल्यावर सांगू म्हणून तिने बटण दाबलं, पण प्रिंटर बंद होता. मग तिने फोल्डर उघडला. आत 'रसायन' नावाची फाईल.

"तुमीच म्हनल्या होत्या नं, नोट्स लागल्या तं घ्या. मले वाटलं नोट्स हायेत. उघडली तं वर परीक्षेचं नाव होतं. तरी मले समजलंच नाही. तीन प्रश्न वाचले मी. मंग समजलं. मंग मी झाकनच आपटलं."

"अन् मग?"

"तवापासून लॅपटॉप उघडला नाही मी. तो पाहा तिथं."

लॅपटॉप कपाटावर होता, जुन्या ओढणीत गुंडाळून. त्याच्याखाली पुस्तकांचा एक गठ्ठा सुतळीने बांधलेला. मी मान वाकडी करून पाठीवरची नावं वाचली. सगळी रसायनशास्त्राची. टेबलावर गणित उघडं होतं, भौतिकशास्त्र उघडं होतं. रसायन तिने बांधून वर टाकलं होतं.

"हे काहून बांधून ठेवलं?" मी विचारलं.

ती रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. "अभ्यास केला अन् पेपर चांगला गेला, तं तुमी म्हनान का पाहून लिहिला. नाही केला तं नापास. काय करू ते समजेचना. तुमाले सांगाले दोनदा जिन्यापर्यंत आली मी. तुमी फोनवर कोनावर तरी ओरडून राहिल्या होत्या. मंग परत गेली. मले वाटलं, तुमी मले आत्ताच काढून देसान. परीक्षेच्या तोंडावर कोन खोली देते? घरी काय सांगू, काहून काढलं म्हनून?"

मी पलंगावर बसले. मला पकडले जाण्याची भीती अर्ध्या तासापासून होती. ही पोर आठ दिवसांपासून माझ्या डोक्यावर, त्या भट्टीत, एकटी भीत बसली होती. फाईल अडकली ते मला एका टिचकीत कळलं. पोरगी अडकली ते आठ दिवस कळलं नाही, कूलरचं पाणी भरावं लागतं एवढंच कळलं. लाज वाटली मला. आणि लाज वाटली म्हणून भीती गेली असं नाही, दोन्ही शेजारी शेजारी बसून होत्या.

"हा ॲडमिन कोण?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"कोन ॲडमिन?" ती म्हणाली. लॅपटॉप जुना घेतला होता, दुकानदाराने जे नाव ठेवलं तेच त्यात राहिलं होतं.

आता दोनच वाटा होत्या. दादाची मूठ झाकायची, तर ती मूठ या पोरीलाही आयुष्यभर झाकावी लागली असती. माझा संच निघाला असता तर ती हातात पेपर घेऊन काय करणार होती? आणि उघड करायची, तर मी मेले. तिच्या टेबलावरचे चार-पाच कोरे कागद मी मागून घेतले आणि खाली आले. परीक्षा विभागाला अर्ज लिहायला बसले तेव्हा अंगठा दुखत होता, चार कागद फाडले. टाईप मात्र केला नाही.

सोमवारी परीक्षा विभागात गेले. रिक्षात पूर्ण वेळ वाटत होतं की परत वळवावी. अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. टाईप केलं होतं, नक्कल राहिली होती, फोल्डर माझ्या चुकीने घरातल्या सगळ्यांना उघडा होता, एका विद्यार्थिनीच्या नजरेस तीन प्रश्न पडले आहेत, माझा संच बाद करावा.

"विद्यार्थिनीचं नाव?" ते म्हणाले.

"ते मी देणार नाही."

"मॅडम, नाव नसेल तर सगळं तुमच्यावर येईल."

"माझंच आहे," मी म्हटलं. "दार मी उघडं ठेवलं. आत डोकावलं म्हणून तिला कशाला ओढता?"

आवाज खणखणीत निघाला. त्यांनी अर्जाची घडी घातली. मग त्यांनी सांगितलं की पाकिटं अजून उघडलेली नाहीत, माझं तसंच बाजूला निघेल. चौकशी मात्र होईल. झाली. तीन जणांसमोर तासभर बसवलं, लेखी ताकीद मिळाली, आणि पेपर काढायचं काम माझ्याकडे पुन्हा कधी येणार नाही असं पत्र आलं. कॉलेजात ते दोन दिवसांत सगळ्यांना माहीत झालं. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणी थांबायची. आधीही थांबायची म्हणा, पण ती माझ्या रागाला भिऊन.

त्या सोमवारी घरी आल्यावर मी आधी वर गेले, स्टूलावर चढून तो गठ्ठा खाली घेतला आणि सुतळी सोडली.

"माझा पेपर बाद झाला," तिला म्हटलं. "दुसऱ्या कोणाचा येईल. आता वाच."

"तुमाले काही करतीन का ते?"

"मले काय करतात," मी म्हटलं. "तू वाच. अन् खाली येऊन वाच, इथं उकडते."

संध्याकाळी दादाला फोनवर घेऊन ती यादी उघडली आणि 'सगळे' काढून माझं नाव टाकलं. ते आता मुकाट्याने चाललं. इतके दिवस का चालत नव्हतं विचारलं, तर दादा म्हणाला, "तवा तुया नावाचं एक अक्षर चुकलं असंल माया हातून." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पुढचे तीन आठवडे ती रोज माझ्या कूलरसमोर बसून वाचायची आणि मी टेबलाशी बसून भ्यायची. रूममेटला बोलली असेल का, तिने कोणाला पाठवलं असेल का, मोबाईलवर कुठे फिरत असेल का. दारावर थाप पडली की माझ्या हातातला चमचा पडायचा. आणि याहून मोठी एक भीती होती, ती मी तिला सांगितली नाही. रसायनशास्त्रात प्रश्न असे किती असतात? पुस्तक तेच, धडे तेच. दुसऱ्याने काढलेल्या पेपरात माझ्या पेपरातला एखादा प्रश्न आला तर?

पेपरच्या दिवशी ती दोन वाजता परत आली. भर उन्हातून चालत आली होती. मी पाणी दिलं आणि तिच्या हातातला पेपर घेतला. वरून खाली वाचत गेले. पहिला वेगळा, दुसरा वेगळा. चौथ्यावर थांबले. काही धातूंच्या क्षारांना रंग का असतो, ते मोरचुदाचं उदाहरण घेऊन सांगा. आठ मार्क. माझ्या पेपरात तो पहिल्या पानावर होता. तिने पाहिलेल्या तीन प्रश्नांतला एक.

"हा आला," मी म्हटलं.

"हो."

"मग? लिहिलास ना?"

"नाही. तो सोडला मी."

"सोडला?" माझा आवाज चढला. तीन आठवडे दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. "अवं बह्याड, हा प्रश्न दर दोन वर्षांनी येते. कोन्याबी गाईडात हाय. माया पेपरात नसता तरी आला असता. आठ मार्क कोनी असे सोडते का?"

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "पन मी तो तुमच्या फाईलीत पाह्यला होता."

तिने ग्लास ठेवला. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून, वर्गात उभं करतात तशी, सांगायला लागली. मोरचूद पान्यात टाकला का तांब्याच्या आयनाभोवती पान्याचे रेणू येऊन बसतात. त्यानं त्याच्या डी ऑर्बिटलचे दोन भाग होतात, एक खाली, एक वर. खालचा इलेक्ट्रॉन वर जातांनी तांबडा उजेड खाते. उरलेला निळा आपल्याले दिसते. जस्ताले रंग नाही, काहून का त्याचे ऑर्बिटल पूर्ण भरेल हायेत, इलेक्ट्रॉनले वर जायले जागाच नाही.

पूर्ण आठ मार्कांचं उत्तर होतं. तीस वर्षं मी ते शिकवते आहे, आणि तिने सांगितलेल्यात एकही चूक नव्हती.